गोड सेंट: स्वरूप, इतिहास आणि उपद्रव

हिवाळी गोड सेंट हा अंगाला लावायचा, खाण्यासारखा वास असलेला आणि खाण्यास सर्वथा अयोग्य असा द्रव आहे. परफ्यूमच्या दुनियेत या जातीला ‘गूरमाँ’ म्हणतात. गुलाब, मोगरा, चंदन, खस या घरंदाज मंडळींशी त्याचा संबंध जेमतेम नमस्कारापुरता. त्याचा सगळा गोतावळा स्वयंपाकघरातला. साखरेचा पाक, व्हॅनिला, भाजलेले बदाम, कॉफी, कोको, दालचिनी, मध, खजूर यांतल्या तिघाचौघांना एकत्र आणायचे, खाली थोडी राळ, थोडे लाकूड आणि थोडी पचौली घालायची, वर अल्कोहोल ओतायचे, की तो सिद्ध होतो. असा सेंट लावलेला इसम शेजारून गेला की आजूबाजूच्यांना आधी भूक लागते, मग शंका येते.

लावणाऱ्याची (यापुढे ‘धारक’) अपेक्षा तशी माफक असते. कोणीतरी, शक्यतो अनोळखी आणि शक्यतो देखण्या व्यक्तीने थांबून विचारावे, ‘कोणता परफ्यूम लावलाय हो?’ शौकिनांच्या बोलीत याला कॉम्प्लिमेंट म्हणतात, आणि जी बाटली असे प्रश्न खेचून आणते तिला ‘कॉम्प्लिमेंट गेटर’. दुकानदार बाटली विकताना हमी देतो ती याचीच. मराठी घराची अडचण अशी, की तिथे वासाची चौकशी माणसाकडे करत नाहीत, शेगडीकडे करतात.

‘दूध उतू गेलं का गं?’

‘नाही हो, गॅस बंद आहे. शेजारी रवा भाजत असतील.’

‘रव्याचा नाही हा. काहीतरी करपलंय.’

हा संवाद चालू असताना धारक दोघांच्या मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून उभा असतो.

या प्रकाराचा इतिहास फ्रान्समध्ये घडला. १८८९ साली एमे गेर्लँ यांनी ‘जिकी’ नावाच्या परफ्यूममध्ये कारखान्यात तयार झालेले व्हॅनिलिन वापरले. त्यांचे पुतणे झाक गेर्लँ यांच्याबद्दल अशी कथा सांगतात की, त्यांनी या जिकीतच एथिल व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलिनपेक्षा सुमारे तिप्पट तीव्र असलेले रसायन, ‘बघू तरी’ म्हणून ओतले. ‘बघू तरी’ म्हणून ओतलेल्या गोष्टी बहुतेक घरांत मोलकरणीला दिल्या जातात. ही मात्र ‘शालिमार’ या नावाने बाजारात आली आणि १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली. नाव मोगलांच्या बागेचे, निमित्त शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमाचे. व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोकडचा, तेव्हा त्या बागेत तो असण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण पॅरिसहून खात्री करायला लाहोरला जातो कोण?

तरीही शालिमारमध्ये लिंबू होते, फुले होती, धूप होता आणि गोडवा त्यांच्या आडून येत होता. आडपडदा सोडला तो १९९२ साली. फॅशन डिझायनर तिएरी म्यूग्लेर (आपल्याकडच्या दुकानांत थिअरी मुगलर) मूळचे स्ट्रासबुर्गचे. लहानपणी जत्रेत घेतलेला वास त्यांना बाटलीत हवा होता: कॅरॅमल, चॉकलेट आणि आपल्याकडे ‘म्हातारीचे केस’ म्हणून मिळतो तो साखरेचा कापूस. ओलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमकाराने त्यासाठी एथिल माल्टोल हाताशी धरले. खाद्यपदार्थांना गोड वास आणण्याच्या कामी असलेले हे रसायन. चिमूटभर पुरते आणि ओंजळभर झाले तर घर सोडावे लागते. नुसत्या साखरेने मळमळले असते, म्हणून क्रेस्प यांनी तिच्याखाली पचौलीचा मातकट, दमट वास सढळ हाताने घातला. हे सारे निळ्या, ताऱ्याच्या आकाराच्या बाटलीत भरले आणि नाव ठेवले ‘एंजल’. पहिल्याच वासाला लोकांचे दोन तट पडले. एक तट रिकामी बाटली दुकानात नेऊन पुन्हा भरून आणू लागला (तशी सोय खरोखरच होती). दुसरा तट लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागला.

पचौलीची हकीकत इथेच सांगितलेली बरी. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात. वाटेत कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पचौलीची वाळलेली पाने घालत. शाल उलगडली की तो वास दरवळे, आणि तिकडच्या श्रीमंत बायका त्यावरून शालीचा अस्सलपणा ठरवू लागल्या. मग तिकडच्या विणकरांनीही आपल्या नकली शालींना पचौलीचा वास लावला, असे सांगतात. जो वास पॅरिसमध्ये ऐश्वर्याची खूण झाला तो मुळात डांबराच्या गोळीचे काम करत होता. जगातल्या पहिल्या धडधडीत गोड सेंटचा पाया असा जत्रेतल्या साखरेवर आणि ट्रंकेतल्या कसरीवर घातलेला आहे. बाटलीवर यातले काही लिहिलेले नसते.

एंजलमागे रांग लागली. १९९६ साली त्याच घराण्याचा पुरुषांसाठी ‘ए-मेन’ आला. यातही कॉफी आणि कॅरॅमलच, पण बाटली काळपट, त्यामुळे आपल्याला केकचा वास येतो आहे हे पुरुषाच्या लक्षात येत नाही. २००४ च्या ‘पिंक शुगर’ने नावातच कबुली दिली. २०१२ चा ‘ला व्ही ए बेल’, २०१४ चा कॉफीवाला ‘ब्लॅक ओपियम’, २०१५ चा केशर आणि जळकी साखर यांचा ‘बाकारा रूझ ५४०’ हे पुढचे टप्पे. त्यांच्या किमती ऐकून बरेच मराठी धारक पुढच्या टप्प्याची वाट पाहत थांबले, आणि तो २०२२ मध्ये अमिरातीतल्या लताफा कंपनीच्या ‘खमरा’च्या रूपाने आला. खजूर, दालचिनी, व्हॅनिला आणि खिशाला झेपणारी किंमत. त्यानंतर दुबईहून परतणाऱ्या भावोजींच्या बॅगेत पिस्ते कमी आणि बाटल्या जास्त निघू लागल्या.

घटकद्रव्यांत मानाचे पान व्हॅनिलिनला. व्हॅनिलाची शेंग हा फार मिजाशीचा माल आहे. त्याचे फूल उमलते ते जेमतेम एका दिवसासाठी, आणि मेक्सिकोबाहेर त्याला फळ धरायचे तर माणसाने काडी घेऊन दारात उभे राहावे लागते. हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आजही मादागास्करच्या मळ्यांत फुलामागून फूल तसेच फळवतात. एवढे करून वाळवलेल्या शेंगेत व्हॅनिलिन निघते सुमारे २ टक्के. जर्मन रसायनशास्त्रज्ञ टीमान आणि हारमान यांना हा उद्योग पटला नसावा; त्यांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून तेच व्हॅनिलिन तयार केले. पुढे पेट्रोलियमपासूनही ते होऊ लागले. आज जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगेतून येणारे १ टक्क्याहूनही कमी आहे. उरलेले सगळे कारखान्यातले. आइस्क्रीम, केक, बिस्किटे, कस्टर्ड पावडर आणि उंची परफ्यूम यांत राहणारा हा रेणू एकच. धारक मात्र खोक्यावरचा ‘मादागास्कर’ हा शब्द पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतो.

दुसरा घटक कूमरिन. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीमध्ये तो भरपूर असतो. वास सुकलेल्या गवताचा आणि बदामाचा. तिसरा एथिल माल्टोल, त्याचे कर्तृत्व वर आलेच. चौथ्या घटकाकडे शौकीन लक्ष देत नाहीत, पण घरात लहान मूल असेल तर ते देते. परफ्यूमचे अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात बहुधा काहीतरी कडू मिसळतात, आणि त्यासाठी पुष्कळदा डेनाटोनियम वापरतात. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये भुलीच्या औषधांवर काम चालले असताना हाती लागलेला हा पदार्थ माणसाला माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी आहे. मामाच्या मनगटाला चॉकलेटचा वास येतो हे चार वर्षांच्या भाचीला कळले की ती मनगट चाटते. त्यानंतर तिला मामाविषयी जे वाटते ते पुढे कितीही खरी चॉकलेटे आणून दिली तरी पुसले जात नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे प्रश्न वेगळे. ‘यात साखर असते का?’ हा मधुमेही काकांचा. नसते म्हटल्यावर ते बाटली हातात घेऊन झाकण उघडून बराच वेळ बसतात. ‘बाटली पाण्याच्या ताटलीत ठेव, मुंग्या लागतील,’ ही आजीची सूचना. साखर नाही, तेव्हा मुंग्यांचा प्रश्न नाही, हे तिला समजावण्यात वेळ जातो आणि बाटली अखेर ताटलीतच राहते.

हा सेंट थंडीतच का लावायचा याला कारण आहे. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे रेणू उडून नाकात शिरतात. लिंबाच्या सालीतले लिमोनीन १७६ अंशांना उकळते, व्हॅनिलिन २८५ अंशांना. उकळबिंदू खाली असलेले घटक अंगावरून चटकन उडून जातात. व्हॅनिलिन, राळ आणि पचौली बसून राहतात. थंडीत त्वचा गार, हवा गार, त्यामुळे जड घटक हळूहळू, बेताबेताने निघतात आणि वास अंगालगत राहतो. मे महिन्यात तेच घटक घामाच्या उबेने एकदम उठतात. दालचिनी, कॅरॅमल आणि घाम एकत्र आल्यावर जे तयार होते त्याला अजून कोणी नाव दिलेले नाही.

तेव्हा सेंटला थंडी हवी. महाराष्ट्रात ती कुठे मिळते, हा यातला सर्वांत बिकट भाग. थंडीची मराठी घरातली खात्रीची खूण म्हणजे खोबरेल तेल गोठणे. हे तेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते, यावरून आपल्या थंडीच्या मोजमापाची कल्पना यावी. तेल गोठले की माणसे कानटोपी काढतात. मुंबईत तर पहाटेच्या लोकलला मफलर दिसू लागतात आणि दुपारी त्याच मफलरने घाम पुसतात. धारक मात्र घराबाहेरच्या हवेवर विसंबत नाही. तो वर्तमानपत्रावर विसंबतो. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी दर हिवाळ्यात येते. ती वाचून डोंबिवलीत सेंट मारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. निफाडमध्ये द्राक्षबागायतदार घडांना थंडी लागू नये म्हणून रात्रीच्या शेकोट्या पेटवत असतो आणि इकडे फलाट क्रमांक पाचवर एक गृहस्थ त्याच्या थंडीचा लाभ घेत उभा असतो.

खरी आणि बारमाही थंडी मिळते ती कचेरीच्या एसीत. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत मे महिन्यातही स्वेटर घालून बसलेली माणसे आढळतात. गोड सेंटला हे हवामान मानवते, पण शेजारच्यांना नाही. सकाळी साडेनवाला बदामाचा वास सुटला की पूर्ण विभागाचे लक्ष धारकाच्या डब्याकडे लागते.

‘आज काय विशेष?’

‘काही नाही. का?’

‘सांग ना, शिरा आहे ना? दोन घास ठेव.’

एक वाजता डबा उघडतो आणि त्यात भेंडी निघते. सहकाऱ्यांच्या मनात जी अढी बसते ती वार्षिक मूल्यमापनापर्यंत टिकते.

ऋतूप्रमाणे वास बदलण्याची ही अक्कल फ्रान्सने शिकवलेली नव्हे. कनौजचे अत्तरवाले उन्हाळ्यात खस, मोगरा, केवडा आणि हिवाळ्यात हिना, शमामा, कस्तुरी, अंबर असा क्रम कितीतरी आधीपासून पाळत आले. अत्तराची मात्राही ठरलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यजमानीण हाताच्या पाठीवर अत्तराचे एक बोट ओढते, गुलाबपाणी शिंपडते आणि तिळगूळ देऊन मोकळी होते. दुसरे बोट मागितल्याची नोंद नाही. स्प्रेच्या बाटलीला हे बंधन नाही, आणि संकटाचे मूळ तिथे आहे.

खरेदीचे मार्ग दोन. पहिला मॉलमधले दुकान. येथे काळ्या कपड्यांतली मुलगी कागदी पट्टीवर सेंट मारून ग्राहकाच्या नाकासमोर हलवते.

‘सर, हा वॉर्म आहे. विंटरसाठी बेस्ट.’

‘उष्ण पडणार नाही ना? मला लगेच तोंड येतं.’

‘सर, हा लावायचा असतो.’

‘तेच विचारतोय. अंगावर उठणार नाही ना?’

सहाव्या पट्टीनंतर सगळे वास एकच वाटू लागतात. मग ती कॉफीच्या बियांची वाटी पुढे करते. हुंगल्यावर नाक ताजे होते असा समज आहे. अमेरिकेत यावर प्रयोग झाला तेव्हा कॉफीच्या बिया साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. जाणकार त्याऐवजी स्वतःच्या कोपराचा आतला भाग हुंगायला सांगतात. सल्ला योग्य आहे, पण मॉलमध्ये दर दोन मिनिटांनी स्वतःचे कोपर हुंगणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थामागे सुरक्षारक्षक चालू लागतो, हेही लक्षात ठेवावे. शिवाय पट्टीवरचा वास तो पहिल्या काही मिनिटांचा. खरा सेंट अंगावर दोनतीन तासांनी कळतो, त्याला ‘ड्राय डाउन’ म्हणतात, आणि तोवर ग्राहक बिल भरून रिक्षात बसलेला असतो.

दुसरा मार्ग न्यू जर्सीचा. तिकडची मराठी मंडळी नाताळच्या सुट्टीत घरी येतात. त्यांच्या बॅगेत मोज्यांत गुंडाळलेली बाटली असते. तिकडे बाहेर बर्फ असते, दारेखिडक्या बंद असतात आणि हा सेंट तिथे अगदी शहाण्यासारखा वागतो. ठाण्यात उतरल्यावर त्याची वागणूक बदलते. देणाऱ्याला याची कल्पना नसते. ‘आमच्याकडे सगळे विचारतात, कुठला परफ्यूम,’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो. घेणाऱ्याला मनातून चॉकलेटे हवी असतात. बाटलीचा वास घेऊन तो ‘आहेत ना आत?’ असेही विचारून बसतो.

न हुंगता, नुसते वर्णन वाचून बाटली मागवण्याला ‘ब्लाइंड बाय’ म्हणतात. ही वर्णने करणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात आहे. सुरुवातीला रममध्ये भिजवलेला मनुका, मग जुन्या वाचनालयातले चामडे, शेवटी पावसाळी संध्याकाळची दालचिनी, असे त्यांना एकाच मनगटावर सापडते. सामान्य माणसाला त्याच मनगटावर नानखटाई सापडते. प्रस्तुत नोंदीचा कल नानखटाईकडे आहे.

लावण्याची पद्धत सोपी आहे. अंघोळीनंतर अंगाला थोडे तेल किंवा क्रीम लावावे. कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही. मग मान आणि छाती मिळून दोन फवारे. दोन पुरेत, हे धारकालाही माहीत असते. पण नाकाची एक खोड आहे: सतत येणाऱ्या वासाची दखल ते काही वेळाने सोडून देते. अर्ध्या तासात धारकाला स्वतःचा वास येईनासा होतो आणि सेंट उडाला या समजुतीने तो पुन्हा मारतो. दुपारी पुन्हा. संध्याकाळी घरी निघताना, लोकांना भेटायचे म्हणून, पुन्हा. ज्याने पैसे मोजले तोच एकटा वासाला मुकलेला आणि ज्यांनी दमडी दिली नाही त्यांना पूर्ण लाभ, अशी ही व्यवस्था आहे.

‘येतोय का गं वास?’

‘खाली वॉचमन विचारत होता, कोणाकडे बारसं आहे का म्हणून.’

‘म्हणजे येतोय.’

‘तुम्ही अजून बाथरूममध्ये होतात तेव्हा.’

मराठी हिवाळ्यात सेंट एकटाही राहत नाही. स्वेटर दहा महिने डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत काढून येतो. त्याला उन्हात घालायचे ठरते आणि राहते. त्यावर पचौलीवाला सेंट पडला की कसर झटकणारी जुनी आणि नवी अशा दोन पिढ्या शेजारी येतात. त्यात सर्दीचा बाम. छातीला, नाकपुड्यांना, कपाळाला. थंडी म्हणजे बाम हे समीकरण या घरांत कोणत्याही फ्रेंच सूत्राहून पक्के आहे. कापूर, पुदिना, नॅप्थालीन आणि कॅरॅमल यांचे हे मिश्रण लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावर आत येते तेव्हा तळमजल्यापर्यंत कोणी बोलत नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एवढेच म्हणतात, ‘तब्येत सांभाळ हो.’

लोकलमध्ये निराळाच प्रकार. सकाळच्या विरार गाडीत अंगाला अंग लागले की डब्यात मे महिना सुरू होतो आणि वर सांगितलेले सगळे जड रेणू एकदम निघतात. अशा वेळी सेंटच्या पसरण्याच्या ताकदीला शौकीन ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. डब्यातले लोक ‘खिडकी उघड रे’ म्हणतात. दारात लटकलेल्यांनाच तो सेंट योग्य प्रमाणात मिळतो, आणि त्यांचे लक्ष तेव्हा दुसरीकडे असते.

डाएट करणाऱ्यांनी या सेंटची वेगळीच उपयुक्तता शोधली आहे. गोड खायचे नाही, निदान वास घ्यावा. सकाळी फवारा मारून निघालेली अशी एक व्यक्ती दुपारी मिठाईच्या दुकानासमोर आढळली, तर त्यात सेंटचा दोष किती आणि संकल्पाचा किती, यावर घरोघर वाद आहेत.

होळी झाली की हंगाम संपतो. बाटली ठेवायची कुठे, हा शेवटचा विषय. उजेड, उष्णता आणि दमट हवा यांनी परफ्यूम बिघडतो, म्हणून बाथरूमचे फडताळ वाईट आणि खिडकी त्याहून वाईट. व्हॅनिलिन जास्त असलेला सेंट काळाबरोबर तपकिरी होत जातो. वास ठीक असेल तर तो चालतो, पण पांढऱ्या सदऱ्यापासून लांब. कपाटाचा अंधारा खण उत्तम. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र कपाटही तापते, तेव्हा काही जण बाटली फ्रिजच्या दारात ठेवतात. तिथे शेजारी सोडा, केवडा इसेन्स आणि व्हॅनिला इसेन्स यांच्या छोट्या बाटल्या असतात. धारकाने मित्राकडून हौसेने आणलेला पाच मिलिलिटरचा नमुना, ज्याला ‘डिकँट’ म्हणतात, तोही त्यांच्यातच उभा राहतो. घरातल्या इतरांना हा फरक समजावून सांगितलेला नसतो.

अशाच एका घरातल्या काकूंनी एप्रिलमधल्या लग्नाला निघताना, पुतण्याचा उंची सेंट म्हणून, फ्रिजमधली छोटी बाटली उघडली, बोट बुडवले आणि कानांमागे लावले. ती केकची होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात फारसे बिघडले नाही. रेणू तोच, फक्त किराणा दुकानातून आलेला. दोन फवाऱ्यांच्या ठिकाणी एक बोट लागल्यामुळे मात्राही बरोबर पडली. पुतण्या त्यांच्या मागेच, खमराचे सहा फवारे मारून, घामाने निथळत उभा होता. कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडणारी मुलीकडची वहिनी थबकली आणि तिने विचारले, ‘अय्या काकू, कोणता परफ्यूम लावलाय?’

‘फॉरेनचा आहे,’ काकू म्हणाल्या.